री

दांडिया बझारात, पिठाच्या गिरणीवर
माझा इंग्रजीचा वर्ग, सात ते आठ.
गिरणी थांबली की शब्द नीट ऐकू येतात,
म्हणून उच्चार मी शेवटी घेते.

हंबीरराव साबळे, वय अठ्ठावन्न,
प्रतापनगरला मोटार रिवाइंडिंगचं दुकान,
पहिल्या बाकावर. बोटांना व्हार्निशचा वास,
वहीला कव्हर, कव्हरवर प्लास्टिक.

आज फळ्यावर लिहिलं : री.
म्हणजे पुन्हा. म्हणजे परत.
रिफिल, रिचार्ज,
टायरवाल्याचं रिट्रेड, पार्लरचं रिबॉन्डिंग.
साबळे मान डोलावत होते,
हे सगळं त्यांच्या रस्त्यावरच होतं.
"म्हणजे बाई, आपण री ओढणं म्हणतो, तसंच ने?
एकानं म्हटलेलं दुसऱ्यानं पुन्हा?"

वीस वर्षं शिकवते आहे.
हे मला सुचलं नव्हतं.

मग सुटलेच ते.
रिबन? नाही. रेड? तो नुसता लाल.
रिव्हर? नाही हो.
रिग्रेट? पुन्हा ग्रेट?
पोरं हसली. तेही हसले, थोडे उशिरा.

मी वाइंड सांगितलं.
विंड म्हणा, वारा. वाइंड म्हणा, गुंडाळणं.
स्पेलिंग एकच.
ते वर पंख्याकडे बघत राहिले.
चाळीस वर्षं जळकी तार उकलून, वेढे मोजून
नवं तांबं भरत आले होते,
आणि वारा त्याच अक्षरांत होता.
"कोणी सांगितलं नाही ने!"

वर्ग सुटला. खालची गिरणी थांबली.
ते बसूनच.
खिशातून एक कागद, घड्यांवर चिकटपट्टी.
नऊ वर्षांपूर्वीचा, सुरतेहून,
धाकट्या मालोजीचा, म्हणजे त्याच्या वकिलाचा,
इंग्रजीत टाइप केलेला.
दुकान तेव्हा दोघांचं. पाटी अजून 'साबळे बंधू',
'बंधू'वर नंतर मीटरची पेटी ठोकलेली.

विषय भागीदारी. खाली एकच ओळ,
आपण महिनाअखेरपर्यंत अमुक करावं.
शेजारच्या मेडिकलवाल्यानं वाचून दिलं होतं :
रिझाइन. राजीनामा. बाहेर व्हा.

मी वाचलं, आणि तिथंच अडले.
री आणि साइनच्या मध्ये
एक आडवी रेघ असती, नखाएवढी,
तर झचा स झाला असता
आणि अर्थ, पुन्हा सही करा.
रेघ नव्हती. टायपिस्ट विसरला असेल.
नसेलही.
कागदाला तोंड नसतं,
झ होता की स, तो कसा सांगणार.

"सोबत आणखी काही होतं?"
"होतं, जाडसर. उघडलं नाही.
व्हार्निश वाळवायच्या भट्टीत टाकलं."

मग म्हणाले, "मोठ्यानं वाचा बाई. दोन्ही."
रिझाइन.
री-साइन.
"पुन्हा."
मी वाचत गेले, ते ओठ हलवत
माझी री ओढत गेले.

उठताना विचारलं,
परत ये रे, हे इंग्रजीत कसं?
रिटर्न, मी म्हटलं.
"ते परत ये झालं. आणि रे?"

त्यांची री पुढे लागते, साबळे.
शेवटी हाक मारायला
त्यांच्याकडे काही नसतं.

त्यांनी वहीत लिहून घेतलं,
तारीख घातली.

जिना उतरताना आवाज येत होता,
झाइन, साइन, साइन,
मग नुसतंच, रे,
मग बराच वेळ काही नाही,
मग सायकलचं स्टँड.