न उच्चारलेलं अक्षर

धक्क्यावरचा वजनकाटा दर खेपेला एक फाइल लिहितो:
होडीचं नाव, माशाची जात, किलो, वेळ.
आजवर ती कचेरीतल्या जुन्या संगणकात पडून राहायची,
आणि शुक्रवारी सुन्वा पेनड्राइव्ह खिशात घालून
चढ चढत लेखापालाकडे जायची.

आता चढ नको, असं ठरलं.
फाइल पडली की आपोआप उचलायची,
तपासायची, नाव द्यायचं,
आणि समुद्राच्या तळाशी टाकलेल्या तारेतून
डब्लिनजवळच्या एका बिनखिडक्यांच्या शेडमध्ये
ठेवून द्यायची.
त्या शेडला सगळे क्लाउड म्हणतात.
फुग्लाफ्योरुर गावात हा शब्द जपून वापरावा लागतो.
इथे ढग दारापर्यंत येतो,
वाळलेली पॅन्ट ओली करून जातो.

सुन्वाने पडद्यावर चौकोन मांडले,
बाणांनी एकमेकांना जोडले.
गुप्त किल्ली दिली, चाळीस अक्षरांची,
मांजर कीबोर्डवरून चालत गेल्यासारखी.
चाचणी. पहिली होडी हिरवी.
दुसरी हिरवी.
तिसरी लाल.
चारशे तीन. सही जुळत नाही.

किल्ली बदलली. लाल.
घड्याळ तपासलं, कारण वेळ फार पुढेमागे झाली
तरी तिकडचा पहारेकरी आत घेत नाही.
घड्याळ बरोबर होतं. लाल.
परवानग्यांची यादी वरून खाली वाचली,
मग खालून वर.
रात्रीचे अकरा वाजले तरी
बाहेर जूनचा उजेड हटायला तयार नव्हता,
आणि कॉफीवर साय धरली होती.

मग लक्षात आलं,
अडते ती फक्त हानुसची होडी.

नोरलुइसी. उत्तरेकडचा उजेड.
लिहिताना त्या नावात र आणि ल यांच्यामध्ये
आणखी एक अक्षर असतं:
डी अक्षराची मान मागे वाकवावी
आणि तिच्यात आडवी काडी अडकवावी, तसं.
ते कुणी उच्चारत नाही.
गावाच्या नावात आहे, गावाच्या पाटीवर आहे,
शाळेत त्याच्यासाठी मार्क कापतात,
पण तोंडात कुणाच्याच नाही.
आपला ळ निदान जीभ वळवून घेतो,
कुणी त्याचा ल केला की कानाला खडा लागतो.
हे आपलं नुसतं बसून असतं,
लग्नाला आलेल्या लांबच्या आत्यासारखं,
जिला कुणी काही विचारत नाही
आणि फोटोत मात्र ती लागते.

इकडे सही करताना यंत्राने नाव एका रीतीने लिहिलं,
तिकडे पहारेकऱ्याने दुसऱ्या रीतीने वाचलं,
आणि दोघांच्या मध्ये
हानुसचा कॉड बर्फात वाट बघत राहिला.

सुन्वाने फोन लावला. मागे इंजिन धडधडत होतं.
"साधा डी लिहू का? फक्त फाइलच्या नावात."
बराच वेळ नुसतं इंजिन.
"त्या काडीचे," हानुस म्हणाला,
"मी रंगाऱ्याला वेगळे पैसे दिलेत."

तेव्हा तिने एक ओळ वाढवली, सहीच्या आधी.
तिकडे जाताना त्या अक्षराने सांगावं:
टक्का, सी, तीन, टक्का, बी, शून्य.
ज्याच्यासाठी गावात आजवर कुणी ओठ हलवला नाही,
त्याच्यासाठी सहा चिन्हं.
हिरवं.

सकाळी हानुस कचेरीत आला, बूट न पुसता.
तिने फोल्डर उघडून दाखवला.
पडद्यावर नाव पूर्ण होतं, मानेतल्या काडीसकट.
त्याने काचेवर बोट ठेवलं,
बोटाचा एक खवला तिथेच चिकटला.
मग बोट सरकत आकड्यापर्यंत गेलं
आणि थांबलं.
"सहाशे अठरा?" तो म्हणाला.
"दोन किलो कमी लावलेत."