डोळा भरताना

साताऱ्याहून माती तपासणीचा कागद आला.
नत्र कमी, स्फुरद कमी, सेंद्रिय कर्ब नावालाच.
खाली निळ्या शाईत शेरा :
गुलाबासाठी शिफारस नाही.
मी घडी घातली आणि पिठाच्या डब्याखाली सरकवली.
डबा डुगडुगत होता.
तेवढं तरी काम झालं.

चाळकेवाडीच्या सड्यावर माती म्हणजे
जांभ्यावर बसलेली वीतभर धूळ,
तीसुद्धा आपली नव्हे, वाऱ्याची.
आज दारात, उद्या ठोसेघरच्या कड्याखाली.
वर पवनचक्क्या, दिवसरात्र
कुणाचं तरी दळण दळल्यासारख्या.

बत्तीस वर्षं मी उपकेंद्रात नर्स होते.
झोळीत घालून पोरं काट्याला टांगली,
तक्त्यावर ठिपके दिले.
लाल रेघेखालची पोरंही वाढतात,
वेळ घेतात, रडतात जास्त,
पण वाढतात.
हे शेरा मारणाऱ्याला कुणी सांगायचं?

पहारीनं खणलं तर ठिणग्या उडाल्या.
पहिल्या दिवशी एक खड्डा,
दुसऱ्या दिवशी अर्धा,
तिसऱ्या दिवशी मनगटाला हळद.
खड्ड्यात ऐनाचा पाला, हिरड्याचा पाला,
दोन पावसाळे कुजवलेला,
चुलीतली राख, बेताची,
अंगणवाडीतली अंड्याची टरफलं
आणि मेंढरं.

म्हणजे मेंढरं बसवली.
बिरू झोरे कार्तिकात कळप घेऊन खाली निघालेला.
"किती राती?"
"तीन. वर पायलीभर नाचणी."
त्यानं खड्ड्यांकडं बघितलं, मग माझ्याकडं.
"बाई, गुलाब खात्यात व्हय?"
"नाही रे."
"मग?"
मला उत्तर सुचलं नाही,
त्यानंही ताणून धरलं नाही.
तीन रात्री भिंतीपलीकडं
पन्नास मेंढ्या श्वास घेत होत्या.
चौथ्या सकाळी हात टेकला तर
जमीन कोमट,
तिला पहिल्यांदाच कसला तरी वास.

मग रानगुलाबाचे खुंट. नुसते काटे.
मुळं धरायलाच वर्ष गेलं.
माघात वाईहून काडी आणली,
खुंटाच्या सालीला उभी-आडवी चीर दिली
आणि डोळा भरला.
टाके घातलेली बोटं आहेत ही,
सालीला काय घाबरतात!
वरून पट्टी, सिमेंटच्या पिशवीची.
भरलेला डोळा तीन आठवडे कोरडा राहावा लागतो,
पाणी शिरलं की गेला.
तेवढे दिवस मी माझ्याही डोळ्यांना
तेच बजावून ठेवलं.

अकरा भरले, चार जगले.
चारांवर मावा आला, शेंड्याला चिकटून, हिरवा, पोटभरू.
शेवंता म्हणाली, "मार की फवारा,
नागठाण्यात बाटली मिळतीया."
मी थांबले. झोप नाही लागली, पण थांबले.
आठव्या दिवशी ढालकिडे आले,
लाल, ठिपकेदार,
कुणी निरोप धाडला होता कोण जाणे.
भुरी आली तिला ताक पाजलं,
तांब्याच्या तुकड्यावर आंबवलेलं, हिरवट.
घरात महिनाभर कुणी कढी मागितली नाही.

पहिली कळी तिसऱ्या कार्तिकात.
बोराएवढी, रंग अजून आतच.
उद्या उमलेल, उद्या, असं म्हणत
मी तिच्यापुढं पाट टाकून बसायचे.
त्यातल्याच एका उद्याला
बिरूच्या काळ्या कोकरानं
ती देठासकट खाल्ली.

बिरू धावत आला,
एका हातात काठी, दुसऱ्यात कोकराचा कान.
"बाई, किती द्यायचं?"
मी खाली वाकले,
कोकराचं तोंड हुंगलं.

वास होता.
जुना, गावठी, गुलकंदाच्या बरणीतला
पक्का वास.

"काही देऊ नको," म्हटलं,
"खातात रे गुलाब.
तू विचारलं होतंस ना?"

तुटल्या देठाखाली आता दोन डोळे फुगलेत.
छाटायचंच होतं तसं.
कागद अजून डब्याखाली आहे, डबा हलत नाही.
यंदा मी बिरूकडं
पाच रात्री मागितल्या.