अनामिका

किप्सेलीतल्या त्या इमारतीत लिफ्ट होती, चालायची नाही.
तिसऱ्या मजल्यावर किरिया आर्गिरो वलासाकी पियानो शिकवायच्या.
मी तळमजल्यावरच्या वॉचमनचा पोरगा,
फी म्हणून गावाकडच्या ऑलिव्ह तेलाची बाटली घेऊन चढायचो.
बाटली हिंदकळलेली वरून ऐकू यायची त्यांना.
"स्तामातिओस! जिन्यावरसुद्धा लय सोडू नकोस."

पियानोला हात लावायला चार महिने लागले.
त्याआधी स्वयंपाकघरातलं टेबल.
टेबलाच्या कडेवर चाकूनं कोरलेल्या पट्ट्या,
चार सप्तकांनंतर लाकूड संपलेलं.
एकेचाळीसच्या हिवाळ्यात, शहरात जर्मन असताना,
आईनं खरा पियानो विकला होता
दोन डबे तेल आणि एक गोणी घेवड्यासाठी.
"घेवडा फेब्रुवारीपर्यंत पुरला," त्या सांगायच्या,
"भाऊ जानेवारीपर्यंत."
आणि लगेच : "मनगट खाली घे."

व्हिएन्नाला गेल्या तेव्हा एकच कोट, तोही काकूचा.
तिथले मास्तर म्हणाले, ही मुलगी पट्टी दाबते
आणि आवाज आला की दचकते.
पुढे ग्राझ, त्रिएस्ते, ल्युब्लियाना.
बिस्किटांच्या डब्यात सात-आठ कात्रणं होती.
एकात कुणीतरी लिहिलं होतं की बाईंचे सूर चांगलेच आहेत,
पण त्या थांबतात तेव्हा सभागृह श्वास घ्यायचं विसरतं.
ही ओळ त्यांनी पेन्सिलीनं अधोरेखित केली होती,
मग खोडरबरानं पुसली होती. रेघ दिसायचीच.

आईला अर्धांगवायू झाला आणि त्या परतल्या.
दर गुरुवारी रेडिओवर वीस मिनिटं वाजवायच्या.
मग सदुसष्टचा एप्रिल, रस्त्यात रणगाडे,
आणि मे महिन्यात दारात एक मेजर, हातात ग्लॅडिओलसचा गुच्छ :
राष्ट्राचा सोहळा आहे, आपण वाजवाल ना?
बाईंनी उजवा हात मागे घेतला.
अनामिका दुखावलीय, म्हणाल्या. दारात चेंगरली.
तो गेल्यावर त्यांनी पट्टी बांधली.
पांढरी, स्वच्छ, रोज सकाळी नवी.

मी एकदा लवकर पोचलो, दार उघडंच होतं.
टेबलावर जुनी पट्टी, हातावर बोट. धड. ओरखडाही नाही.
त्यांनी मला पाहिलं.
"आता तुला एक अशी चीज येते," म्हणाल्या,
"जी कुणासमोर वाजवायची नाही."
मी नऊ वर्षांचा होतो. नाही वाजवली.
वडिलांजवळसुद्धा नाही, आणि वडिलांना तर सगळ्या इमारतीची खबर
दर शनिवारी पोलिस ठाण्यात द्यावी लागायची.

चौऱ्याहत्तरच्या जुलैत एका रात्री गाड्यांचे भोंगे थांबेनात.
लोक बाल्कनीतून चादरी हलवत होते.
मी जिने धावत चढलो, पहिल्यांदाच बेताल. त्या ओरडल्या नाहीत.
कात्री घेऊन बसल्या होत्या.
पट्टीखालचं बोट मेणबत्तीसारखं, पांढरट, बारीक.
त्यांनी ते काळ्या पट्टीवर ठेवलं.
उचललं. म्हणजे उचलायला गेल्या.
सात वर्षं खोटं बोललेलं बोट
खरं झालं होतं.
त्या हसल्या, इतक्या हसल्या की चष्मा काढावा लागला.
"बघ, स्तामातिओस. याला म्हणतात रियाज."

मंचावर त्या पुन्हा गेल्या नाहीत.
नऊ बोटांनी शिकवलं, आणखी एकवीस वर्षं.
स्वरलिपीवर बोटांचे आकडे स्वतः लिहायच्या,
उजव्या हाताला चार कुठेच नसायचा.
आम्ही सगळे तसंच शिकलो, धडधाकट दहा बोटांची पोरं.

टेबल आता पात्रासला माझ्याकडे आहे.
भंगारवाला नेणार होता; म्हणाला, कड खराब झालीय.
कोरलेल्या फटींत पीठ बसलंय, किती सालचं कुणास ठाऊक,
मी सुई घालून काढलं नाही.
काल एक नवी विद्यार्थिनी विचारत होती,
सर, इथे चौथं बोट सहज पोचतं,
मग तुम्ही तिसरं का घेता?
मी म्हटलं, मनगट खाली घे.