अडलेली

मावशीच्या मृत्युपत्रात तीनच ओळी होत्या :
घर चर्चला.
अक्रोडाची दोन झाडं शेजाऱ्यांना.
पॅनोनिया व्हेंडेलला, त्याला धीर नाही म्हणून.

मका वाळवायच्या फळ्यांच्या खोपीत
चौतीस वर्षं उभी होती ती, साइडकारसकट.
टायर बसलेले, टाकीवरची लाल रेघ
उन्हाच्या बाजूनं गुलाबी झालेली.
साइडकारच्या सीटवर कोंबडीचं एक अंडं,
कधीचं कुणास ठाऊक,
उचललं तर हातात काहीच नसल्यासारखं.
आणि एअर फिल्टरच्या डब्यात
एक उंदरीण बाळंत होऊन गेलेली :
कापूस, गॉझची जाळी, दोऱ्याचे तुकडे,
सगळं मावशीच्याच पिशवीतलं.

बोरिश्का मावशी. तिसाकाठच्या नऊ खेड्यांची सुईण.
एक पाय आखूड, म्हणून गिअरचा दांडा
लोहाराकडून वाकवून घेतलेला.
चिखल असो, बर्फ असो,
लोक दिव्याआधी आवाज ओळखायचे
आणि चुलीवर पाणी ठेवायचे.

मी किकवर उभा राहिलो, अख्ख्या वजनानं.
किक हलली नाही.
पिस्टन अडला होता.

मी हातोडा आणला. खोटं कशाला बोलू, आणला.
मग आठवलं, अंगणात येरझाऱ्या घालणाऱ्या नवऱ्यांना
ती काय सुनवायची :
ओढून काही बाहेर येत नसतं.
बस तिकडे. बटाटे सोल.

प्लग काढून भोकातून डिझेल ओतलं.
रोज संध्याकाळी गाडी गिअरमध्ये टाकून
मागचं चाक बोटभर पुढे, बोटभर मागे.
चार दिवस. सहा. आठ.
(बटाटेही सोलले. दुसरं करणार काय.)
नवव्या दिवशी आत काहीतरी
केसाएवढं सरकलं, आणि मी
रिकाम्या खोपीत कुणाला तरी म्हणालो, हळू, हळू.

किलियान आला, फेरीबोटवाला.
साठीचा, वजन शंभराच्या वर.
म्हणाला, मी हिच्यात जन्मलो.
पूर होता. फेरी पलीकडच्या काठाला अडकलेली.
आई सांगायची, दिवा विझू नये म्हणून
मावशीनं इंजिन चालूच ठेवलं होतं.
मग न विचारता साइडकारमध्ये बसला.
मावला नाही.
गुडघे हनुवटीशी घेऊन थोडा वेळ तसाच राहिला.
निघताना खिशातून कंडेन्सर काढून दिला,
रशियन बोटीच्या इंजिनाचा.
बसेल बहुतेक, म्हणाला.

बसला. घासूनपुसून, तारेनं बांधून.

पंचवीस माप पेट्रोल, एक माप तेल.
ठिणगी निळी.
पहिली किक, दुसरी, पाचवी,
सातवीला एक खोकला,
आणि सायलेन्सरमधून धूर, काजळी,
कुठल्या तरी उंदराचं उरलेलं बिऱ्हाड.
त्या आवाजाला मी रडणं म्हणणार नाही.
किलियाननं मात्र टोपी काढली.
सुटली, म्हणाला.

चाळीस सेकंदांत बंद पडली.
मग परत. मग परत.

गिअरचा दांडा सरळ करून देऊ का, त्यानं विचारलं.
नको म्हटलं.
गुडघा हँडलला लागतो. लागू दे.

रविवारी बांधावरच्या रस्त्यानं निघालो.
पहिल्या खेड्यात कुत्री तेवढी मागे लागली.
दुसऱ्यात एक म्हातारी फाटकाशी आली,
हात पिठाचे,
धुरात डोळे बारीक करून माझ्याकडे बघत राहिली,
मग रिकाम्या साइडकारकडे.
कुणाचे दिवस भरले? तिनं विचारलं.

काय सांगणार.
इंजिन बंद करून नीट बोलायला हवं होतं.
केलं नाही.
परत सुरू होईल याची खात्री नव्हती.