खळ

कंपनीचा गोंद मुहर्रकच्या दमट हवेत टिकत नाही.
सकाळी लावलेली नोटीस दुपारच्या अजानपर्यंत
एका कोपऱ्यातून जीभ बाहेर काढते.
म्हणून मी खोलीवरच मैद्याची खळ शिजवतो,
चिमूटभर मोरचूद टाकून,
तात्या शिजवायचे तशी.
गुलरेज पातेल्यात डोकावतो, आज सालन निळं कसं?
खाऊ नकोस, म्हणतो मी, सरकारी आहे.

काम सोपं. पालिकेचा कागद, खाली शिक्का,
मधे उजवीकडून डावीकडे जाणारा मजकूर,
त्यातले आकडे तेवढे मला कळतात.
बाकीचं शिबू सांगतो, गाडीतून न उतरता:
गल्ली रुंद होणार. हरकतीला पंधरा दिवस.
सुनावणी बुधवारी, संध्याकाळी सातला.
मी भिंत पुसतो, ब्रश फिरवतो, कागद दाबतो,
मग फोटो.
कागद दिसला पाहिजे, घराचा नंबर दिसला पाहिजे,
माणूस नसला तरी चालतं.
फोटो पोचला की
कळवलं, अशी नोंद होते.

तात्या गावचे कोतवाल.
त्यांच्याकडे फोटो नव्हता, हलगी होती.
थंडीत तिचं कातडं सैल पडायचं,
ते पाचटाच्या जाळावर तिला शेकून घ्यायचे, आधी तिला, मग हात.
ऐका हो ऐका,
उद्या सकाळी चावडीवर
पाझर तलावाच्या जमिनीची सुनावणी हाय हो...
वरच्या आळीपासून खालपर्यंत एक उंबरा चुकायचा नाही.
बहिऱ्या सोनाकाकूसमोर थांबून
खुणांनी पुन्हा सगळं.
गाव चावडीत बसला की ते बाहेर,
चपलांपाशी.
त्या तलावात आमचंही अर्धा एकर गेलं.
गावभर दवंडी त्यांनीच पिटलेली,
घरी तेवढं सांगितलं नाही.
आई म्हणते, विसरले असतील.
मला नाही वाटत.

काल एका दारातून उम्म खलीफा बाहेर आली.
माझ्या भिंतीला काय लावतोस?
तिचा चष्मा आत राहिला होता,
आणि मला चष्मा लावूनही वाचता येत नव्हतं.
दोघं कागदापुढे उभे.
अर्बआ, मी म्हणालो. सबआ. बोटं दाखवली सात.
मग दोन्ही हात पसरून रस्ता दाखवला,
इथून
इथपर्यंत.
दुसरा हात तिच्या अंगणात जाऊन थांबला,
बदामाच्या झाडाच्याही पलीकडे.
ती त्या हाताकडे बघत राहिली.
मला कुणी सांगितलंच नाही, म्हणाली.
मी सांगतोय ना, एवढं म्हणायचं होतं,
तेवढी अरबी नव्हती.

यादीतला शेवटचा नंबर आमच्याच इमारतीचा निघाला.
सात खोल्या, अडतीस माणसं, एक नळ.
हरकत घ्यायची मालकानं, तो राहतो रिफाला.
मी भिंत पुसली, ब्रश फिरवला, फोटो पाठवला.
शिबूनं विचारलं, झालं?
झालं.

रात्री टेकबहादूर ड्यूटीवरून आला,
बूट काढता काढता म्हणाला, दाई, तो कागद कसला?
माझ्या कुकरची तिसरी शिट्टी व्हायची होती.
काही नाही म्हणावं, असं अगदी ओठांवर आलं,
आणि तात्या का गप्प राहिले
ते पहिल्यांदा थोडंसं कळलं.
गॅस बंद केला.
वरच्या मजल्यापासून सुरुवात केली.
उर्दूत, मोडक्या मल्याळममध्ये, नेपाळीत टेकबहादूरच्या मदतीनं,
आणि सांगलीच्या त्या एका पोराला मराठीत,
तो ऐकून म्हणाला, मग आपण जायचं का तिथं?
माहीत नाही, म्हटलं. चपला बाहेर काढाव्या लागतात का तेही माहीत नाही.
बुधवार आहे. सात वाजता.

सुपरवायझरची तक्रार आली आहे:
कंपनीचा गोंद आपोआप सुटतो,
तुझा कागद खरवडला तर
भिंतीचा रंगही सोबत येतो.