चावीवाला

जीभ बाहेर काढ, म्हणाल्या डॉक्टर दस्तूर,
आणि दुर्वानं काढली, पार हनुवटीपर्यंत.
गळ्याच्या मधोमध असलेली बोराएवढी गाठ
वर सरकली.
जीभ आत, गाठ खाली.
मी तिला तीनदा करायला लावलं.

तोवर कुणी म्हणालं चुना लावा, कुणी दृष्ट काढा,
मालगावकर वहिनी म्हणाल्या, फुटेल आपोआप.
फुटलीही एकदा, तापात.
पुन्हा भरली.

परळला केसपेपरच्या मागे बाईंनी चित्र काढलं :
पोटातल्या बाळाच्या गळ्याची ग्रंथी
जिभेच्या मुळाशी उगवते, उतरत उतरत
खाली आपल्या जागेवर येते,
आणि मागची वाट बुजून जाते.
हिची बुजायची राहिली.

म्हटलं, बाई, मी पाणी खात्यात.
शिवडीला चावी फिरवतो, पहाटे चार दहाला.
जुनी लाइन असते, नकाशातून गेलेली,
टोपण न घातलेली, वर डांबर गुळगुळीत,
आणि एक दिवस रस्ता फुगतो.

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, मग पुढचं तुम्हाला कळेल.
नुसती गाठ काढून भागत नाही,
नळी मुळापर्यंत खणायची.
वाटेत एक हाड लागतं,
दुसऱ्या कुठल्याच हाडाला न जोडलेलं,
त्याचाही मधला तुकडा घ्यायचा.
नाहीतर परत येते.

हाडाचं मी प्रणिताला सांगितलं नाही.

आत नेताना दुर्वाच्या मुठीत
माझ्या ओळखपत्राची निळी फीत होती.
सिस्टरनं एकेक बोट सोडवलं.

दोन तास.
कॅन्टीनबाहेरच्या नळाला वॉशर नव्हता.
थेंब मोजले नाहीत, असं म्हणायला आवडलं असतं.
शेवटी उठून रुमाल बांधला.

संध्याकाळी गळ्यावर पांढरी पट्टी,
पट्टीतून बाहेर आलेली बारीक नळी.
आता ही कशाला? मी जवळजवळ ओरडलोच.
आतलं साचू नये म्हणून, सिस्टर म्हणाली.
एवढं तरी
मला कळायला हवं होतं.

चौथ्या दिवशी घरी. अजून कुजबुजतच बोलायची.
साडेतीनला मी शर्टाची बटणं लावत होतो,
ती उठून बसली,
आणि जीभ काढली माझ्याकडे बघून.
मी गळा बघत राहिलो.
पट्टीची कड. स्थिर.
पुन्हा काढ, म्हटलं.

पप्पा, तोंडाकडे बघा ना,
वेडावतेय मी तुम्हाला.