साठ पानं

आटपाट नगर होतं, म्हणजे बाणेर.
तिथं एक भाऊ होता, अठराव्या मजल्यावर.
बहीण धनकवडीला,
पोळ्या लाटायची, शेकड्याच्या भावानं.

भावानं वास्तुशांत काढली.
सहस्रभोजन कुठलं, साठ पानं,
केटरर नळ स्टॉपचा.
बहिणीला बोलावणं नव्हतं.
ग्रुपवर नव्या हॉलचा फोटो आला,
तोच तिनं बोलावणं मानला.

मग?
मग काय. गेटवर सुरवसेंनी तिचं नाव ॲपवर टाकलं,
वर कुणीतरी 'नाही' दाबलं.
जुन्या कहाणीतला भाऊ निदान हाताला धरून
बाहेर काढायचा गं.
हाताला धरून.

पुढं देवीनं काही दिलं नाही.
बँकेनं दिलं, साडेबारा टक्क्यांनी.
पोळीची दोन मशिनं, एक टेम्पो,
हिंजवडीत तीन कँटीन.
मग आलं बोलावणं, छापील,
काजूकतलीच्या डब्यासकट.

आता पुढचं तुला पाठ आहे:
दागिने उतरवून पाटावर मांडायचे,
लाडू बांगड्यांवर, भाताची मूद शालूवर,
आणि म्हणायचं, दादा, आमंत्रण यांना होतं.

टेम्पोची किल्ली मी पानाशेजारी ठेवली होती, खरंच.
जिलबी उचललीही होती.
पण पहाटे चारपासून उभी होते, मृण्मयी.
भूक लागली होती.
जेवले.

दादा वाढत होता, आग्रहानं.
त्याला कहाणी आठवत नव्हती.
कढी मात्र खारट झाली होती,
तेवढं सांगितलं मी त्याला.